एका वेळी एकच काम: चौदा महिन्यांत बदललेला हॉल आणि नंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

आमचा फ्लॅट पुण्यात सहकारनगरात, १९८८ साली बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉल १० बाय १६ फुटांचा. पश्चिमेला गॅलरी, आणि तिच्या शेजारच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल. जूनमध्ये त्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं आणि दसऱ्याला परत लावायचं, हा वर्षानुवर्षांचा क्रम होता. २०२४ च्या संक्रांतीनंतर हॉलचं काम काढलं, ते २०२५ च्या गुढीपाडव्याला संपलं. त्यानंतर या हॉलने एक उन्हाळा, एक लांबलेला पावसाळा, गणपती आणि दिवाळी पाहिली. काय टिकलं आणि काय चुकलं हे आता खात्रीने सांगता येईल, म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीला एका इंटिरियरवाल्याकडून अंदाजपत्रक घेतलं होतं. पीओपीचं सिलिंग, नवी फरशी, नवा सोफा, टीव्हीमागे पॅनेल, सगळं मिळून ३ लाख २० हजार रुपये आणि दीड महिन्यात काम पूर्ण. तेवढे पैसे नव्हते, आणि कर्ज काढून हॉल सजवायचा नाही यावर घरात एकमत होतं. मग दर महिन्याला ५,००० रुपये बाजूला टाकायचे, जमतील तेवढ्यात एक काम करायचं, ते आवडलं का हे महिनाभर राहून बघायचं आणि मग पुढचं काढायचं, असं ठरवलं. एकूण खर्च ६३,७०० रुपये झाला. पण पैशांपेक्षा मोठा फायदा वेळेचा झाला, आणि तो सगळ्यात जास्त त्या ओल्या भिंतीच्या बाबतीत.

या भिंतीने आम्हाला आधी एकदा फसवलं होतं. काही वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याने वरचे पोपडे खरवडले, लांबी म्हणजे पुट्टी भरली, वर टेक्स्चर केलं आणि "आता दहा वर्षं बघायला नको" असं सांगून गेला. पुढच्याच श्रावणात लांबीसकट फुगा आला. ओल बाहेरून येत असताना आतून कितीही चांगलं मटेरियल लावलं तरी पाणी त्याला ढकलून बाहेर काढणारच, हे तेव्हा कळलं.

या वेळी सुरुवात बाहेरून केली. दोरीवर उतरून काम करणाऱ्या माणसाला भिंत बाहेरून दाखवली. बीम आणि विटांचं बांधकाम जिथे मिळतं तिथे प्लास्टरला आडवी भेग होती, आणि छज्जाचा उतार भिंतीकडे झाला होता. म्हणजे पावसाचं पाणी छज्जावर साचून थेट भेगेत. इथे एक गोष्ट प्रत्येक फ्लॅटधारकाला माहीत हवी: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींची आणि पावसाच्या पाण्याने होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. मी फोटो जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, दोन सभांना स्वतः जाऊन बसले. मे महिन्यात संस्थेने काम करून घेतलं. भेग इंग्रजी व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरली, छज्जाला उलटा उतार दिला आणि वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले. आतलं काम आमच्या खर्चाने. जिथवर ओल दिसत होती त्याच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर विटेपर्यंत काढून नवीन केलं. त्याचे ४,२०० रुपये.

आणि मग आम्ही काहीच केलं नाही. अख्खा पावसाळा ती भिंत सिमेंटच्या करड्या रंगात तशीच उघडी ठेवली. सासूबाईंना ते फार खटकायचं. गौरींच्या हळदीकुंकवाला बायका येणार आणि हॉलमध्ये अशी भिंत! पण त्या जुलैत सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरेपर्यंत पाऊस झाला, आणि आमची भिंत कोरडी राहिली. नुसतं डोळ्यांनी बघून मी थांबले नाही. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक दिवस ठेवायचा आणि मग बघायचं. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंतीत ओल आहे. जुलै, ऑगस्ट आणि ऑक्टोबर, तिन्ही वेळा कागद कोरडा निघाला. नव्या प्लास्टरवर दोन ठिकाणी पांढरा क्षार फुटला होता, तो कोरड्या ब्रशने झाडून काढला. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून परत आत जातो. दीड महिन्यात काम उरकणाऱ्या कुणालाही असा एक पावसाळा थांबता आलं नसतं.

२०२५ मध्ये तर पाऊस मे महिन्यातच आला आणि मुक्काम ठोकून बसला. भिंतीवर डाग नाही, फुगा नाही. कॅलेंडर जागेवरून हललेलं नाही.

रंग दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत दिला. मजुरी ७,८०० आणि सामान ६,४००. रंगाच्या पुस्तकातल्या नखाएवढ्या तुकड्यावरून छटा ठरवू नका, एवढंच कळकळीने सांगेन. आम्हाला क्रीम हवा होता. लहान डबे आणून तीन छटांचे दोन-दोन फुटांचे चौकोन भिंतीवर मारले आणि आठवडाभर ठेवले. सकाळी छान दिसणारा क्रीम संध्याकाळी चारनंतर पश्चिमेच्या उन्हात चक्क हळदीसारखा दिसायला लागला. शेवटी ज्यात पिवळा जवळजवळ नाही असा मोतिया पांढरा घेतला. संध्याकाळी ऊनच त्याला क्रीम करतं. एका लिटरमध्ये दोन हातांचं साधारण ६० ते ७० चौरस फूट काम होतं, या हिशेबाने स्वतः सामान आणलं, आणि अर्धा लिटर मुद्दाम शिल्लक ठेवला. तो पुढे उपयोगी पडला. तक्रार एकच. आम्ही सगळीकडे मॅट फिनिश घेतलं. आठ महिन्यांत स्विचबोर्डभोवती आणि सोफ्यामागे, डोकं टेकतं तिथे, डाग धरले आहेत आणि पुसले की त्या जागी चकाकी येते. तेवढ्या पट्ट्यांत थोडी तुकतुकी असलेलं, पुसता येणारं फिनिश घ्यायला हवं होतं.

वायरिंगचं काम रंगाच्या आधीच करून घेतलं, त्यावर फार लिहीत नाही. भिंतीला झिरी मारून चार नवे पॉइंट, ६,८०० रुपये. टीव्हीच्या मागून लोंबणारी एक्स्टेंशनची गुंडाळी गेली, एवढ्यानेच हॉल निम्मा आवरल्यासारखा वाटला.

फरशीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. आमच्याकडे मोझॅकच्या जुन्या टाइल्स, राखाडीत पांढऱ्या-काळ्या खड्या. सगळे सांगत होते, वर व्हिट्रिफाइड बसवून टाका. पण वरून टाइल बसवली की जमीन जवळजवळ इंचभर वर येते, दारं खालून कापावी लागतात आणि हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात उंबरठा तयार होतो. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेता तो नको होता. आधी पॉलिश करून बघू म्हटलं. मशीनवाल्याने ओल्या घासाईचे जाडे ते बारीक असे दगड फिरवले, मधे भोकं आणि सांधे सिमेंटने भरले, शेवटी ऑक्झॅलिकची पावडर लावून चकाकी आणली. ३५ रुपये चौरस फूट, १६० फुटांचे ५,६०० झाले. संध्याकाळी फरशी पुसून कोरडी झाली आणि सासूबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "अगं, आपण राहायला आलो तेव्हा अशी होती ही." तीस वर्षांच्या मेणचट थराखाली ती तशीच होती.

पण क्रम चुकला, आणि ती चूक माझी. रंगकामाने फरशी खराब होईल म्हणून फरशी शेवटी ठेवली, फेब्रुवारीत. मशीन फिरताना सिमेंटच्या राबडीचे शिंतोडे नव्या रंगावर फूट-दीड फुटापर्यंत उडाले. प्लास्टिक लावलं होतं, तेही जागोजागी सुटलं. शिल्लक ठेवलेला तो अर्धा लिटर रंग घेऊन दोन रविवार मी खालची पट्टी परत रंगवली. आधी ओल, मग वायरिंग, मग फरशीची घासाई, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पडदे, हा क्रम मोडू नका.

आणि मोझॅकमधल्या संगमरवरी खड्यांना आंबट चालत नाही. मे महिन्यात लेकीच्या हातून पन्ह्याचा पेला कलंडला. पाच मिनिटांत पुसलं तरी तेवढा भाग मंद झाला, तो अजून दिसतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि बाथरूमचं ॲसिड या फरशीपासून लांब ठेवायचं. रोज साधं पाणी, आठवड्यातून एकदा सौम्य साबण, एवढंच आम्ही करतो.

सोफा सासऱ्यांनी सुतार घरी बसवून करून घेतलेला, अस्सल सागवानी. तो विकून नवा घ्यायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. सांगाडा एका जागी हलत होता, बाकी दणकट. गाद्या नव्या केल्या. रविवार पेठेतून कापड घेतलं आणि बैठकीसाठी ४० डेन्सिटीचा चार इंची फोम घातला. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. आकडा जास्त तर फोम भरीव. आमच्या सोफावाल्या काकांनी स्वतःहून सांगितलं, "ताई, तुकडा मापून वजन करून घ्या, मग फसवणूक होत नाही." मी खरंच केलं. आठ महिने तीन माणसं रोज बसतात, खड्डा पडलेला नाही. खोळींना चेन लावून घेतली, हा माझा हट्ट होता आणि धुण्याच्या दिवशी तो दर वेळी सार्थकी लागतो. लाकूड मी आणि नवऱ्याने मिळून घासलं, आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ३२०, आणि वर चपडा लाखेचं पॉलिश. रंग अप्रतिम उतरला. पण लाखेला उष्णता आणि पाणी सोसत नाही, आणि आमच्या घरी चहाचा कप सोफ्याच्या हातावरच ठेवतात. दोन्ही हातांवर पांढरी वर्तुळं उमटली आहेत. हातांपुरतं मेलामाइनचं पॉलिश करून घ्यायला हवं होतं. सगळं मिळून १३,५०० रुपये लागले.

वेताच्या दोन खुर्च्या २,४०० रुपयांत विणून घेतल्या. नायलॉनची पट्टी स्वस्त पडत होती, पण वेताला एक गुण आहे जो नायलॉनला नाही. बसून बसून वेत सैल पडला की खुर्ची उलटी करायची, खालून ओल्या फडक्याने भिजवायची आणि रात्रभर सावलीत सुकू द्यायची. वेत आखडून परत ताठ होतो. ऑक्टोबरात एकदा केलं, उत्तम झालं.

पडद्यांना अस्तरासह ७,३०० लागले. चुण्या नीट पडायला कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्यावं लागतं, तिथे काटकसर केली की पडदा चादरीसारखा लोंबतो. सुती कापड न धुता शिवलं, आणि पहिल्याच धुण्यात ते जवळजवळ दोन इंच आटलं. शिंपीदादांनी खाली चार इंचांची दुमड ठेवली होती, ती उसवून निभावलं.

उन्हासाठी खरा उपयोग झाला तो बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या चिकाचा, म्हणजे गुंडाळता येणाऱ्या पट्ट्यांच्या पडद्याचा, २,२०० रुपयांत. पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, चिक काचेच्या बाहेरच अडवतो, आणि काच तापली नाही की खोली तापत नाही. एप्रिलमध्ये दुपारी तीनला हॉलमध्ये बसता येऊ लागलं, ते याआधी कधी जमलं नव्हतं. मात्र पावसात तो गॅलरीत ठेवू नका. आमचा मेच्या अवकाळी धारांत भिजला आणि कडेच्या कापडपट्टीवर बुरशी आली. आता पावसाळी हवा दिसली की गुंडाळून आत.

दिव्यांबद्दल थोडक्यात. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर. मधली ६५०० केल्विनची निळसर ट्यूब काढून ४००० ची लावली, आणि सोफ्याजवळ ३००० चे दोन भिंतीवरचे दिवे, ३,१०० रुपये. वाचायला ट्यूब, गप्पांना दिवे.

पुस्तकांचं काचेचं कपाट जुन्या बाजारातून आणलं. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही पाच रविवार नुसते हिंडलो, सहाव्या रविवारी हे सापडलं. टेम्पो आणि पॉलिशसकट ४,४०० रुपये. जुनं लाकूड थेट हॉलमध्ये आणू नका. कपाट दोन आठवडे गॅलरीत ठेवलं आणि खाली काळा कागद पसरला. लाकडात किडा असेल तर रोज ताजं पीठ पडतं, ते काळ्यावर लगेच दिसतं. एका पायाखाली पडलं. त्या भोकांत औषध मारलं, पुन्हा दोन आठवडे थांबलो, कागद स्वच्छ राहिला, मग कपाट आत आलं.

पीओपीचं सिलिंग केलं नाही आणि त्याची उणीव एकदाही जाणवली नाही. साडेनऊ फुटांच्या छतातली उंची घालवण्यासारखी आमची खोली मोठी नाही. टीव्हीमागचं पॅनेलही केलं नाही. तिथे सासऱ्यांचा फोटो आणि लेकीने काढलेली दोन चित्रं आहेत.

चौदा महिन्यांचे ७०,००० साठले होते, त्यातले ६,३०० उरले. त्यातून गॅलरीचं ग्रिल करायचं आहे. गंज खरवडून रेडऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंटचे दोन. डिसेंबरची कोरडी हवा धरली आहे, आणि त्या चार दिवसांपुरता चिक उतरवून ठेवायचा, हे आत्तापासून पाटीवर लिहून ठेवलं आहे.