पार्दिनी एसपी: दीड वर्ष लेकीच्या हातात

आमची लेक २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. दीड वर्षापासून तिच्याकडे इटलीचं पार्दिनी एसपी आहे, .२२ लाँग रायफल नावाच्या काडतुसाचं. आमच्या रामबाग वस्तीतल्या दोघातिघांनी 'आमच्या मुलीसाठी हेच घ्यावं का?' म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच नीट लिहून टाकतो.

घ्याच. फक्त ग्रिप (मूठ) आणि काडतुसं यांच्याकडे पिस्तुलाइतकंच लक्ष द्या.

मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे आहे. पाच राउंडांचं, म्हणजे पाच काडतुसांचं. त्यामुळे मूठ हवी तशी घडवता येते, वजन पुढे राहतं आणि नळी हाताच्या अगदी जवळून जाते. झटका वर न उसळता सरळ मागे येतो. इंदूरजवळच्या आपल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजयकुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं. त्या प्रकारात शेवटी ४ सेकंदांत ५ गोळ्या मारायच्या असतात, तिथे नळी किती उसळते यावरच सगळं अवलंबून. मुलींच्या स्पोर्ट्स पिस्तूलमधल्या रॅपिड टप्प्यात टार्गेट ३ सेकंद दिसतं, मधले ७ सेकंद दिसत नाही, आणि एका वेळी एकच गोळी. तरीही फायदा आहेच. लेक म्हणते, "बाबा, गोळी सुटताना साइट कुठे होती ते आता मला दिसतं." साइट म्हणजे नेम धरायची खूण.

ट्रिगर मनासारखा लावता येतो, पण तो ओढायला लागणारा जोर १००० ग्रॅमच्या खाली चालत नाही. तपासणीत ट्रिगरला वजन टांगून बघतात.

ग्रिप आम्ही मध्यम मापाची मागवली, ही आमची चूक. तिचा हात लहान. तळवा आणि लाकूड यांच्यामध्ये माझी करंगळी जात होती. मग लाकडाची पुट्टी भरली, ओली असतानाच तिला मूठ आवळायला लावली, आणि सुकल्यावर पॉलिश पेपरने थोडं थोडं घासत गेलो. पंधरा दिवस हेच चाललं होतं. मनगट मोकळं दिसलंच पाहिजे हा नियम मात्र घासताना विसरू नका.

आता काडतूस. हे .२२ लाँग रायफल १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. बुडाशी मधोमध ठिणगी देणारी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठात गोल पसरलेला असतो आणि पिस्तुलाची पिन त्या काठावरच आपटते. हा काठ बाहेर आलेला असल्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या राउंडचा काठ खालच्याच्या पुढेच बसवायचा, नाहीतर अडकतो. आणि काठात मसाला कुठे कमी पडला, की राउंड फुसका.

हे आम्ही भोगलं. एका निवड चाचणीत रॅपिडच्या दुसऱ्या सिरीजला (पाच गोळ्यांच्या फेरीला) नुसता 'टक्' आवाज आला. लेकीने नळी टार्गेटकडेच ठेवली, मोकळा हात वर केला आणि थांबली. मागे बसून माझे हातपाय गार पडले होते. रेंज ऑफिसरने राउंड काढून दाखवला: काठावर पिनचा खोल, स्वच्छ ठसा. म्हणजे पिस्तुलाने आपलं काम केलं होतं. त्याच डब्यांमधले आणखी सहा राउंड पुढे सरावात तसेच गेले. विक्रेत्याने पिस्तुलालाच दोष दिला आणि डबे बदलून दिले नाहीत. मला त्याचा अजून राग आहे, कारण पोरीने वर्षभर पहाटे उठून त्या एका दिवसाची तयारी केली होती.

आता एकदम मोठी खरेदी करत नाही. वेगवेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे, एक-दोन डबे आणतो, पिस्तूल टेकवून पाच-पाच गोळ्या कागदावर मारायला लावतो. ज्याची भोकं सगळ्यांत जवळ पडतात आणि एकही राउंड फुसका जात नाही, त्याचा लॉट नंबर डब्यावरून वहीत उतरवतो आणि मोसमभराचा माल त्याच नंबरचा मागवतो.