क्लबमधला जॅझ फ्लूट: हर्बी मान घ्यावा, डॉल्फी की कर्क?

बासरी शिकणाऱ्या एका मित्राने परवा विचारलं, "जॅझ फ्लूटची एकच लाइव्ह रेकॉर्ड घ्यायचीय, कुठली घेऊ रे?" बजेट एकाच एलपीचं, आणि स्टुडिओतलं गुळगुळीत नको म्हणाला. पटलं मला. फ्लूट मुळात लहान आवाजाचं वाद्य, शेजारी ड्रम्स चालू असताना क्लबात ऐकू यायचं तर माइक ओठांच्या अगदी जवळ लागतो, आणि मग सुराच्या आधीची फुंकर, मध्येच ओढलेला श्वास, सगळं टेपवर येतं. मला त्यासाठीच ही रेकॉर्डिंग्ज आवडतात.

सगळ्यात सोपी म्हणजे फ्लूटवाल्या हर्बी मानची 'हर्बी मान ॲट द व्हिलेज गेट'. नोव्हेंबर 1961, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला तळघरातला क्लब. अख्ख्या एलपीवर गाणी फक्त तीन. पहिलं 'कमिन होम बेबी', बेन टकरने रचलेलं आणि बासवरही तोच, एकच ओळ गोल गोल फिरत राहते आणि त्यावर मान आरामात वाजवतो, कुठे घाई नाही. पियानोच नाही, त्याजागी व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य), शिवाय काँगा म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल वगैरे, त्यामुळे फ्लूटला भरपूर मोकळी जागा मिळते. ज्याने आयुष्यात जॅझ ऐकलेला नाही त्याचाही पाय हलतो यावर. दुसरी बाजू मात्र एकाच गाण्याची आहे आणि खरं सांगायचं तर मी ती दरवेळी पूर्ण ऐकत नाही, ठेका छान असला तरी मध्ये जरा पाणी घातल्यासारखं वाटतं. (जॅझवाले मानला 'कमर्शियल' म्हणून नाकं मुरडतात, मुरडू देत.)

त्याच वर्षीचं, त्याच शहरातलं, पण पार दुसऱ्या टोकाचं म्हणजे एरिक डॉल्फी, फाइव्ह स्पॉट क्लब, 16 जुलै 1961. इथे आधीच सावध करतो, डॉल्फी सॅक्स आणि बास क्लॅरिनेटही वाजवतो, त्यामुळे फ्लूटसाठी घेत असाल तर या रेकॉर्डिंगचा दुसरा भागच (व्हॉल्यूम 2) घ्या, पहिल्यात फ्लूट नाहीये! दुसऱ्यातही एकाच गाण्यात आहे, 'लाइक समवन इन लव्ह', पण ते जवळजवळ 20 मिनिटं चालतं. पियानो क्लबचाच, बेसूर झालेला, आणि बासरीवाल्या कानाला ते पहिल्यांदा टोचणारच, मलाही टोचलं होतं. पण दोन-तीनदा ऐकल्यावर गंमत कळते, डॉल्फी सुरांच्या मोठमोठ्या उड्या मारतो, मधेच पक्ष्यासारखा चिवचिवतो आणि तरी मूळ चाल हातातून सुटत नाही त्याच्या. सोबत ट्रम्पेटवर बुकर लिटल. तो त्यानंतर तीन महिन्यांच्या आत गेला, वय फक्त 23. हे कळल्यापासून ते गाणं मला घाईघाईत ऐकवत नाही.

तिसरा रहसान रोलंड कर्क, 'ब्राइट मोमेंट्स', 1973, सॅन फ्रान्सिस्कोचा कीस्टोन कॉर्नर. डबल एलपी. कर्क अंध होता, एकावेळी दोन-तीन सॅक्स तोंडात धरून वाजवायचा, आणि फ्लूटवर काय करायचा तर फुंकता फुंकता गळ्यातून गायचा, म्हणजे एकाच तोंडातून गुणगुणणं आणि सूर दोन्ही, मध्येच जराशी घरघर. हेडफोन लावून ऐका, कोणीतरी कानाशीच बसल्यासारखं वाटतं. एका गाण्यात तर नाकाने वाजवायचा फ्लूट आहे. आणि तो बोलतो, खूप बोलतो, लोक ओरडून उत्तरं देतात, क्लबचा मालक टॉड बार्कनसुद्धा या रेकॉर्डवर वाजवतोय. क्लबात बसल्याचा फील हवा असेल तर याच्या तोडीचं दुसरं नाही. फक्त सॅक्सही भरपूर आहे, निव्वळ फ्लूट हवा असेल तर चिडचिड होईल.

युसूफ लतीफचं 'लाइव्ह ॲट पेप्स' (फिलाडेल्फिया, 1964) यात नाही घेतलं कारण त्यात फ्लूट हे अनेक वाद्यांपैकी एक, तो तर एका गाण्यात चक्क शहनाई वाजवतो. नंतर ऐकाच मात्र.

मित्राला मी कर्क घे म्हणालो. बासरीत इतकी वर्षं फुंकेतला खरखरीतपणा घालवण्यात गेलीत त्याची, गुरुजी त्याच्यासाठीच ओरडतात, आणि इथे एक माणूस तोच खरखरीतपणा मुद्दाम वाढवून लोकांना खुर्चीवरून उठवतोय. तुम्ही वाजवत नसाल, संध्याकाळी चहा घेत नुसतं ऐकायचं असेल तर मान घ्या, डोकं खाजवायला आवडत असेल तर डॉल्फी. मित्राने शेवटी काय केलं विचाराल तर स्ट्रीमिंगवर तिन्ही ऐकली आणि मानची ऑर्डर केली, कारण घरात आईला तेवढंच आवडलं.