हर्णै रस्त्यावरचा पेंडसे-संग्रह

कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांच्याविषयीची सामग्री एका माणसाने हौसेने जमवलेली आहे, त्या खासगी संग्रहाचे हे परीक्षण. दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत, एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या माजघरात हा संग्रह आहे. त्याला नाव नाही, दारावर पाटी नाही आणि कुठे नोंदणीही नाही. आसपासचे लोक त्याला ‘गुरुजींचं कपाट’ म्हणतात. प्रत्यक्षात कपाटे चार आहेत आणि त्यांत न मावलेला मजकूर पत्र्याच्या ट्रंकांमधून माळ्यावर गेलेला आहे. मराठी कादंबरीत रस असलेल्या माणसाने हा संग्रह एकदा तरी पाहावा, असे माझे मत आहे. मात्र गुरुजी तो ज्या कारणासाठी अभिमानाने दाखवतात, त्या कारणासाठी नव्हे.

पेंडशांचा जन्म ५ जानेवारी १९१३ रोजी याच दापोली तालुक्यातील मुर्डी या गावचा, त्यामुळे हा संग्रह येथे असणे स्वाभाविक आहे. पहिल्या कपाटात पुस्तके आहेत. ‘खडकावरील हिरवळ’ या १९४१ च्या व्यक्तिचित्रसंग्रहापासून १९४९ ची ‘एल्गार’, त्यानंतरच्या ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’, ‘रथचक्र’ आणि १९८७ मध्ये दोन खंडांत आलेली ‘तुंबाडचे खोत’ अशी ती क्रमाने लावलेली आहेत. ‘गारंबीचा बापू’च्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी आहेत, इअन रेसाइड यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवादही आहे. दुसऱ्या कपाटात वर्तमानपत्रांची कात्रणे, नाटकांच्या जाहिराती, काशिनाथ घाणेकरांनी बापूची भूमिका केलेल्या चित्रपटाविषयीचा मजकूर, मार्च २००७ मध्ये पेंडसे गेले तेव्हाचे मृत्युलेख आणि २०१३ च्या जन्मशताब्दीचे लेख आहेत. हे सारे पाहताना बरे वाटते, पण यातले बरेचसे मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयातही चिकाटीने शोधल्यास सापडेल. त्यासाठी खेडला रेल्वेतून उतरून एसटीने दापोली गाठण्याचे आणि तेथून पुन्हा दुसरी गाडी धरण्याचे कारण नाही.

कारण आहे ते तिसऱ्या कपाटात. तेथे गुरुजींनी स्वतः काढलेला, कापडावर चिकटवलेला, घडी घालून ठेवलेला एक मोठा नकाशा आहे. तो जमिनीवर चटई अंथरून त्यावरच उघडावा लागतो, कारण घरातल्या कोणत्याही टेबलावर तो मावत नाही. खाड्या, पऱ्हे (ओढे) आणि डोंगर निळ्या पेन्सिलीने दाखवलेले आहेत आणि कादंबऱ्यांतली स्थळे तांबड्या पेन्सिलीने. निळे आणि तांबडे जेथे जुळत नाही तेथे गुरुजींनी ओढूनताणून जुळवलेले नाही, तर तांबड्या वर्तुळाभोवती प्रश्नचिन्ह दिलेले आहे, ही मला या नकाशाची सर्वांत मोठी शिस्त वाटली. गारंबी शोधायला निघालेले हौशी वाचक पुष्कळदा रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळच्या गारंबीच्या धरणाकडे जाऊन थडकतात. दापोली तालुक्यातही हर्णैच्या शेजारी एक मुरूड असल्यामुळे हा गोंधळ आणखी वाढतो. नकाशाच्या कोपऱ्यात गुरुजींनी या दोन मुरुडांविषयी चार ओळींची सूचना लिहून ठेवलेली आहे, आणि तिच्यातला त्रासिक स्वर वाचताना हसू आल्यावाचून राहत नाही.

या नकाशावर अंतरे किलोमीटरमध्ये दिलेली नाहीत. मोकळ्या हाताने चालणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो, डोक्यावर ओझे असेल तर किती, आणि पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी असताना किती, असे तीन आकडे प्रत्येक वाटेवर बारीक अक्षरात लिहिलेले आहेत. गुरुजींनी त्यांतल्या बहुतेक वाटा स्वतः चालून पाहिल्या आणि मोडलेल्या वाटांचे आकडे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरले. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायला तरीवर, म्हणजे होडीवर, अवलंबून राहावे लागे. तरीसाठी थांबण्याचा वेळही येथे धरलेला आहे. आज मोटारीने काही मिनिटांत हर्णैहून आंजर्ल्याला जाणाऱ्या वाचकाला पेंडशांच्या कादंबऱ्यांतली माणसे एवढ्याशा अंतरासाठी इतका विचार का करतात, एका गावची बातमी दुसऱ्या गावात उशिरा आणि वाकडीतिकडी होऊन का पोचते, हे सहजासहजी कळत नाही. हा नकाशा पुढ्यात घेऊन वाचले की कथानकातले दिरंगाईचे आणि चुकामुकीचे प्रसंग लेखकाच्या सोयीसाठी आलेले नसून त्या भूगोलातूनच आलेले आहेत, हे ध्यानात येते. समीक्षेच्या पुस्तकांतून पेंडशांना ‘प्रादेशिक’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. प्रदेश कथानकात नेमके काय काम करतो हे मला त्या पुस्तकांपेक्षा या चटईवर अधिक समजले.

याच कपाटात खालच्या खणात खोतीचे, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीचे, कागद आहेत. आसपासच्या जुन्या घरांची डागडुजी निघाली की माळ्यावरची रद्दी गुरुजींकडे आणून देण्याची आता रीतच पडली आहे, आणि त्या रद्दीतून त्यांनी कबुलायती, पावत्या, कुळांच्या याद्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. काही मोडी लिपीत आहेत. त्यांच्यासोबत गुरुजींनी पेन्सिलीने केलेले बाळबोध लिप्यंतर जोडलेले आहे. कोणत्या कुळाने अर्धेलीने (निम्म्या वाट्याने) भात घातले, कोणी तिर्धेलीने (तिसऱ्या वाट्याने), कोणाची बाकी कोणत्या साली राहिली, हे त्यांतून दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि प्रत्यक्षात १९४९ च्या कायद्याने ती गेली, एवढे आपण पाठ केलेले असते. पण वर्षाच्या शेवटी कुळाच्या घरात किती भात उरत असेल याचा अंदाज येतो तो अशा पावतीवरून. ‘तुंबाडचे खोत’ ही जगबुडीच्या काठची कहाणी खोतांच्या वाड्यातून सांगितलेली आहे. पिढ्यांमागून पिढ्यांचा तो डोलारा ज्या भातावर उभा होता त्याचा हिशेब हे कागद बाहेरच्या अंगणातून दाखवतात. कादंबरी आणि कागद असे समोरासमोर ठेवण्याची कल्पना गुरुजींची स्वतःची आहे आणि ती उत्तम आहे. ती त्यांनी पुरती तडीस नेलेली नाही, याची मात्र हळहळ वाटते, कारण कोणता कागद कोणत्या घरातून आला हे बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेले नाही. विचारले तर ते तोंडी सांगतात. अभ्यासकाने तळटीप कशाची द्यायची?

छायाचित्रांच्या वह्यांविषयीही सांगायला हवे. कादंबऱ्यांत येणारी आगरे, पाट, विहिरी, देवळांकडे जाणाऱ्या पाखाड्या यांची छायाचित्रे गुरुजींनी अनेक वर्षे, साध्याच कॅमेऱ्याने, काढलेली आहेत. कलेच्या दृष्टीने ती सामान्य आहेत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हर्णै, मुरूड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातली नारळी-पोफळीची आगरे आडवी केली. तेव्हापासून या वह्यांचे मोल पालटले आहे. पोफळ लावल्यापासून हाताशी पीक यायला पाच-सात वर्षे सहज जातात, आणि ज्यांनी पुन्हा लावलीच नाही त्यांच्या आगरांचे जुने रूप आता या वह्यांतच उरले आहे. काही बागायतदारांनी झाडांची दाटी दाखवण्यासाठी येथून प्रती करून नेल्याचेही गुरुजींनी सांगितले. त्याच वादळात या घराची कौलेही उडाली आणि दोन ट्रंका भिजल्या. चिकटून गठ्ठा झालेली कात्रणे त्यांनी टाकलेली नाहीत, ती वेगळी बांधून ठेवली आहेत, आणि हा निर्णय योग्यच आहे.

जतनाच्या बाबतीत मात्र संग्रहाची बाजू लंगडी आहे. कोकणातल्या दमट हवेत कागद राखणे सोपे नाही, हे मान्य. कसर आणि वाळवीसाठी वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या असे सगळे उपाय खणाखणांत दिसतात. पण वर्तमानपत्राचा कागद मुळात हलका आणि आम्लयुक्त. तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि त्याला पाल्याचा उपयोग नाही. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावलेली आहे. ती आता तपकिरी होऊन सुटली आहे आणि तिच्या डिंकाने खालची अक्षरे तेलकट झाली आहेत. कात्रणे टाचणीने एकत्र केलेली आहेत आणि समुद्राच्या हवेत टाचणी गंजायला वेळ लागत नाही. रथचक्रला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याविषयीच्या एका कात्रणावर गंजाची तांबूस चौकट उमटून बरोबर ‘पुरस्कार’ हाच शब्द खाल्लेला मी पाहिला. नाटकांची काही हस्तपत्रके उत्साहाने लॅमिनेट केली आहेत. उष्णतेने चिकटवलेले ते प्लास्टिक आता कागदाला इजा न करता काढता येणार नाही. गुरुजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, तेव्हा सगळे तेच करा म्हणत होते.” ते खोटे नाही. तरी यापुढे टाचण्या काढून कात्रणे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवणे एवढे तरी व्हायला हवे, आणि त्याला फार खर्च येत नाही.

आता गुरुजींच्या लाडक्या चौथ्या कपाटाकडे वळतो. ‘खरा बापू कोण’, ‘खरी राधा कोण’, ‘अण्णा खोत म्हणजे अमुक गावचे तमुक’ अशा शोधांच्या वह्या येथे आहेत आणि आलेल्या पाहुण्याला प्रथम त्याच दाखवल्या जातात. चिकाटीविषयी शंका नाही. पण एका बापूसाठी तीन गावांतले तीन उमेदवार निघतात, प्रत्येकाचे नातेवाईक आपापला पुरावा देतात आणि वहीच्या अखेरीस वाचकाच्या हाती गावकीच्या गप्पांखेरीज काही पडत नाही. समजा उद्या एखादा बापू निर्विवाद सिद्ध झालाच, तरी कादंबरीतला बापू गावाच्या दडपणाला ज्या तऱ्हेने शिंगावर घेतो त्याचा उलगडा त्या माणसाच्या जन्मतारखेने होणार नाही. शिवाय यांतल्या काही नोंदी हयात कुटुंबांच्या खासगी गोष्टींना स्पर्श करतात. त्या सरसकट कोणाच्याही हाती देऊ नयेत, असे मला वाटते.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले, तेथेच शिकले, ‘बेस्ट’ या मुंबईच्या वीज-बस उपक्रमात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली, त्या उपक्रमाचा इतिहासही लिहिला. मुंबईतल्या कनिष्ठ मध्यमवर्गीयांचे जगणे रोजनिशीच्या रूपात मांडणारी ‘लव्हाळी’ त्यांनी १९६६ मध्ये लिहिली. या संग्रहात ‘लव्हाळी’ची एकच प्रत आहे, तीही मागच्या रांगेत, आणि ‘ऑक्टोपस’ तर विचारल्यावर शोधून काढावी लागली. गारंबी आणि तुंबाड लिहिणारा माणूस रोज मुंबईतल्या कचेरीत जात होता, गाव त्याने दुरून आणि आठवणीतून उभे केले, ही गोष्ट त्याच्या कोकणचित्रणाविषयीही काही सांगते. संग्रहात ती कुठेच दिसत नाही. गुरुजींनी पेंडशांना मुर्डीहून बाहेर जाऊच दिलेले नाही.

संग्रह पाहण्यास शुल्क नाही. आधी निरोप देऊन जावे, कारण गुरुजी दुपारी आगरात असतात. आषाढ-श्रावणात कपाटे उघडत नाहीत आणि त्याबद्दल कोणी रुसू नये. ओल आत जाऊ नये म्हणून तो नियम आहे. झेरॉक्ससाठी दापोलीला यावे लागते आणि मूळ कागद घराबाहेर दिला जात नाही, मात्र मोबाइलवर छायाचित्रे घेता येतात. वीज जाण्याची शक्यता धरून सकाळी लवकर पोचलेले चांगले. सूची नसल्यामुळे काय हवे ते नेमके सांगावे लागते, अन्यथा सकाळ चौथ्या कपाटापाशीच संपते. जवळच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात बसून सूची केली आणि खोतीच्या कागदांची घरवार नोंद गुरुजींच्या तोंडून लिहून घेतली, तर या संग्रहाची योग्यता दुप्पट होईल. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण गुरुजींचे वय झाले आहे आणि अर्धी सूची त्यांच्या डोक्यातच आहे. जाणाऱ्याने वही-पेन्सिल न्यावी आणि घरात ‘लव्हाळी’ची एखादी जुनी आवृत्ती पडून असेल तर तीही न्यावी. गुरुजी ती आनंदाने घेतील; पुढच्या रांगेत ठेवतील की नाही, याची हमी मात्र देता येत नाही.