विलायतेहून आणलेली टूरिंग सायकल, अमळनेरात वर्षभर चालवून

आधीच सांगून टाकते की मी काही सायकलपटू वगैरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली बावीस वर्षं लेडीज सायकलवर शाळेत गेले, रिटायर झाल्यावर सायकल जिन्याखाली गेली आणि गुडघे दुखायला लागले, एवढीच माझी पात्रता. मागच्या वर्षी मुलाकडे इंग्लंडात ब्रिस्टॉलला पाच महिने राहिले, तिथं एक टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांब जायची, घेतली, त्यातले आठ दिवस ती फ्रान्सलाही नेली (शेंगेनचा व्हिसा वेगळा लागतो, तो मुंबईहूनच करून निघाले होते) आणि येताना खोक्यात घालून अमळनेरला घेऊन आले. आता वर्ष झालं. गल्लीत येणारा-जाणारा "कितलाले लिधी वं?" (केवढ्याला घेतली) विचारतो म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सेकंडहँड आहे. दान आलेल्या सायकली दुरुस्त करून विकणारं एक वर्कशॉप मुलाच्या घराजवळ आहे, तिथून १८० पौंडाला घेतली, म्हणजे आपले एकोणीस हजार धरा. कंपनीचं नाव विचारू नका, नळीवरचा रंगच निम्मा खरवडलेला आहे. फ्रेम स्टीलची. मधला डंडा आडवा नाही, दोन बारक्या नळ्या हँडलपासून तिरप्या निघून थेट मागच्या चाकापर्यंत जातात. फ्रान्समध्ये ह्या फ्रेमला मिक्स्त म्हणतात, म्हणजे मिश्र, बाई चालवा नाहीतर बुवा. मला टांग टाकायची वेळच येत नाही आणि फ्रेम आपल्या लेडीज सायकलीसारखी लेचीपेचीही वाटत नाही, मागं वीस किलो लादलं तरी शेपूट हलत नाही.

आणि मडगार्ड दोन्ही चाकांना पूर्ण, मागं भक्कम कॅरिअर, घंटी, साखळीवर कव्हर. मला तर पाहताक्षणी ओळखीचीच वाटली. आमचा इथला मिस्तरी, जो माझाच चौथीतला विद्यार्थी, त्यानं खोकं उघडल्यावर सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाई, हाई ते आपली जुनीच सायकल शे, नुसता गिअर लाई दिधात." ह्याच्यापुढं रिव्ह्यू लिहायची खरं तर गरज नाही. पण आपल्याकडं आता दुकानात गेलं की गिअरवाली म्हणून जी दाखवतात तिला शॉकर आहे, डिस्क ब्रेक आहे, मनगटाएवढं टायर आहे, आणि मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, लाइट नाही. पोराच्या पाठीवर दप्तर आणि पाठीला चिखलाची रेघ. ब्रिस्टॉलमध्ये मी बघत होते की कामाला जाणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या बायकांच्या सायकलींना मडगार्ड असतंच, पाऊसच असा भुरभुर दिवसभर, न लावून सांगता कुणाला.

तिथं माझा रोजचा रस्ता म्हणजे ब्रिस्टॉल ते बाथ जुन्या रेल्वेलाइनवरचा सायकलमार्ग. गाड्या बंद पडल्यावर रूळ काढून १९७९ ते १९८६ मध्ये स्वयंसेवकांनी हा रस्ता केला, १३ मैल, म्हणजे एकवीस किलोमीटर. रेल्वेचा रस्ता म्हणून चढ जवळजवळ नाहीच, मध्ये एक बोगदासुद्धा लागतो. मी पहिल्याच आठवड्यात त्यात घंटी वाजवत गेले आणि समोरची कुत्रं घेऊन चाललेली म्हातारी बाजूला होऊन मलाच सॉरी म्हणाली. पण हा मार्ग सोडला की ब्रिस्टॉल म्हणजे नुसता चढउतार, मुलाची गल्ली तर भिंतीसारखी. तिथं ह्या सायकलीचे गिअर कळले. पुढची सगळ्यात बारकी चकरी २६ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी ३२ दात्यांची, म्हणजे पायडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी चाक एक फेराही फिरत नाही, चालणारा माणूस तुम्हाला मागं टाकून जातो पण पाय टेकवायला लागत नाही. माझ्या गुडघ्यांना हेच पाहिजे होतं. इथं अमळनेरात तो गिअर वर्षभरात एकदाच पडला, चोपड्याच्या पुढं उनपदेवला गेलो तेव्हा, आणि तोही खरं सांगायचं तर हौस म्हणून.

फ्रान्सचं सांगायचं तर पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीनं सँ-मालोला. बोटीत सायकली खाली मोटारी ठेवतात त्या मजल्यावर दोरीनं बांधून ठेवतात, आपल्याला रात्रभर काळजी. मग रेल्वेनं नांत आणि तिथून ल्वार नदीच्या काठानं, प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडं सोम्यूर करत तूरपर्यंत, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर. नांतहूनच सुरुवात करा, तिथं वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, पाठीवर घ्यायचा. हा ल्वारचा सायकलमार्ग सगळा मिळून ९०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याचाच पुढं काळ्या समुद्रापर्यंतच्या लांब मार्गात समावेश होतो. सपाट, नदीत वाळूची बेटं, काठाला पॉप्लरच्या रांगा, आपल्या तापीकाठी बाभळी काढून टाकल्या आणि मधली गावं धुऊन पुसून ठेवली तर जसं दिसेल तसं. दारावर आक्वेई व्हेलोची, म्हणजे सायकलवाल्यांच्या स्वागताची, पाटी असलेली घरं आणि हॉटेलं मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात, सायकल कुलपात ठेवायला जागा आणि दुरुस्तीची हत्यारं देतात. पाणी संपलं तर दफनभूमीत जायचं. मला आधी कसंतरीच झालं, पण गावोगावी तिथं फाटकाजवळ नळ असतो आणि तिकडचे सायकलवाले सगळे तिथंच बाटल्या भरतात, पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नाही एवढं बघून घ्यायचं. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी तर बऱ्याच गावांत दिवसभर बंद, शाकाहारी माणसानं रविवारीच पाव आणि चीज घेऊन ठेवावं, माझ्याकडं दशम्या आणि बिबडे (ज्वारीचे पापड) होते म्हणून निभावलं.

सामानाच्या दोन पिशव्या कॅरिअरच्या दोन बाजूंना अडकतात, पॅनिअर म्हणतात, पण बघितलं तर पडशीच, बैलावर टाकायचे तशी. तोंड गुंडाळून बंद करायचं की पाण्याचा थेंब आत जात नाही. इथं मी एका बाजूला बाजारचं भाजीपालं आणि दुसऱ्या बाजूला दादर ज्वारीचं पीठ आणते, गिरणीवाल्यानं तर एकदा पिशवीतच पीठ ओतायला घेतलं होतं. एका बाजूला जास्त वजन झालं तर सायकल ओढते, तेवढं सांभाळायचं.

ब्रेकचं एक ध्यानात ठेवा, माझ्या सायकलीला इंग्लंडच्या पद्धतीनं उजव्या हातात पुढचा ब्रेक आहे, आपल्यासारखाच. फ्रान्समध्ये भाड्यानं घेतली तर उलटं, डावा हात पुढचा. तिथं मुलाच्या मित्राची सायकल पाच मिनिटं चालवली आणि उतारावर सवयीनं हात दाबला, पडले नाही एवढंच. त्यात रस्ता उजवीकडून, मुलगा दोन दिवस मागून "आई, उजवीकडं! उजवीकडं!" ओरडत होता, आणि पाटी नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम. इंग्लंडात आपल्यासारखं डावीकडून, ते सोपं गेलं. तिथं सायकलपासून मोटारीनं निदान दीड मीटर अंतर ठेवावं असं २०२२ पासून त्यांच्या हायवे कोडमध्येच, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय, सगळे पाळतात असं नाही, पण निम्म्याहून जास्त पाळतात हो.

तिकडच्या रेल्वेची मात्र तक्रार आहे. लांबच्या बऱ्याच गाड्यांत सायकलीची जागा दोन-तीनच, आधी बुक करायची, आणि एका गाडीत तर कपाटाएवढ्या फटीत सायकल पुढच्या चाकानं हुकाला उभी टांगायची. साठीची बाई मडगार्डसकट सायकल डोक्यावर उचलणार कशी, शेवटी एका अनोळखी पोरानं टांगली.

आता इकडं आणल्यावरचं. खोक्यात भरताना पायडल काढावे लागतात आणि डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर आणखी घट्ट बसतो. मुलाला माहीत होतं म्हणून बरं. मुंबईहून येताना ट्रॅव्हल्सवाल्यानं डिक्कीत खोकं ठेवायचे पाचशे रुपये वरून घेतले, पावती नाही.

टायरचा घोळ सगळ्यात मोठा. पुढचं टायर दिवाळीत गेलं. बाजारात गेले, अठ्ठावीसचं द्या म्हणलं, कारण टायरवर २८ लिहिलेलंच होतं, घरी आणलं तर रिमवर ढिलं. आपल्या काळ्या सायकलीचं अठ्ठावीस बाय दीड म्हणजे ६३५ मिलिमीटरचं, आणि हे युरोपवालं अठ्ठावीस, ज्याला ७०० सी पण म्हणतात, ते ६२२ मिलिमीटरचं. दोन्ही अठ्ठावीस! तेरा मिलिमीटरनं माझा आठवडा गेला. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३७-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, दुकानात तोच शेवटचा आकडा सांगा. पुण्याहून मागवावं लागलं. ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र मी ब्रिस्टॉललाच मोटारसायकलसारखा जाड घेतला होता म्हणून इथं पेट्रोल पंपावर हवा भरता येते, ते बारीक पितळी फ्रेंच व्हॉल्व्हवालं आणलं असतं तर पंपावरचा पोरगा बघतच बसला असता.

लाइट मुलानं नंतर लावून दिला, वेगळे ९० पौंड. डायनॅमो चाकाच्या मधल्या हबमध्येच आहे, आपल्या जुन्या बाटलीसारखा टायरवर घासत नाही, पायाला जड लागत नाही, आणि सिग्नलला थांबलं तरी दिवा थोडा वेळ जळत राहतो. पहाटे भारनियमनात मंगळग्रह मंदिरापर्यंत जाते तेव्हा ह्या दिव्याला पैकीच्या पैकी मार्क.

साखळीचं तेल तिकडचं घट्ट, पावसासाठीचं. इथल्या फुफाट्यात त्याचा आठ दिवसांत काळा लगदा झाला. आता साधं तेल थेंब थेंब टाकून फडक्यानं पुसून काढते, गिअर नीट पडतात. पंक्चर वर्षात अकरा, त्यातले नऊ सराट्यांचे. बांधावरून सायकल हातात धरून आणली तरी चिकटतात मेले.

स्टँड नव्हता! एवढी सगळी सायकल आणि स्टँड नाही. तिथं लोक भिंतीला टेकवतात, कुंपणाला टेकवतात, बाजारात उलट्या यू आकाराचे लोखंडी पाइप रोवलेले असतात त्यांना बांधतात. इथं भाजीच्या गाडीला टेकवू का? डबल स्टँड बसला नाही, मिस्तरीनं साइड स्टँड बसवून दिला सव्वाशे रुपयांत, मजुरी घ्यायलाच तयार नव्हता.

पण खरी मार खाल्ली ती मडगार्डनंच. जुलैत मारवडच्या रस्त्यावरून आमच्या मळ्याकडं वळले, शंभर पावलं गेले असेन, आणि दोन्ही चाकं जाम. इंग्लंडचा चिखल पातळ, उडतो आणि गळून पडतो. आपली काळी माती टायरला थरावर थर चढते आणि मडगार्डच्या आत सिमेंटसारखी बसते, मध्ये बोटभरसुद्धा जागा नाही. काडीनं उकरत बसले तर सालदार हसत आला आणि सायकल खांद्यावर टाकून घेऊन गेला. आपल्या काळ्या सायकलीच्या मडगार्डात भरपूर फट का असते ते साठाव्या वर्षी कळलं.

म्हणून सध्या सायकल मिस्तरीकडं आहे. तो मडगार्डखाली वायसर घालून ते वर उचलतोय आणि टायर ३७ मिलिमीटर रुंदीचं काढून ३२ चं टाकतोय, तेही ६२२ च, मी दोनदा विचारून घेतलं. तोवर जिन्याखालची लेडीज काढलीये, तिला हवा भरली, आणि शेजारच्या सुनेला हवी आहे म्हणून ती विलायती परत आली की ही तिला देऊन टाकणार आहे, स्टँडसकट.