ऑलिव्ह उतरवायला काठी, फणी की नुसता हात?

ग्रीसमध्ये नोव्हेंबर लागला की ऑलिव्हच्या झाडांखाली जाळी पसरतात. दहा-बारा झाडांसाठी, किंवा क्रीट बेटावर कुणाच्या तोडणीला हातभार लावायला, यंत्राची गरज नाही. पण आधी झाडाची जात बघा, मग अवजार ठरवा.

तेलाची कोरोनेइकी असेल तर फणीच. हिचं फळ जेमतेम ग्रॅमभर, आणि लिटरभर तेलाला चार-पाच किलो फळं लागतात. म्हणजे चार-पाच हजार दाणे! एकेक खुडत बसलात तर अख्खी सकाळ एका बाटलीत जाईल. फणी म्हणजे पंजाएवढं, आखूड दांड्याचं दंताळं. डाव्या हाताने डहाळी धरायची आणि केस विंचरावेत तशी फणी जोडाकडून शेंड्याकडे ओढायची. दाणे जाळीवर सरीसारखे टपटपतात. थोडी पानं येतात, ती नंतर पाखडायची. अडचण एकच, हात पोचेल तिथपर्यंतच. वर शिडी.

काठी सगळ्यात जुनी. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. 520च्या सुमाराची ग्रीक सुरई आहे, तिच्यावर माणसं काठ्यांनी ऑलिव्ह झोडपताना दिसतात. उंच शेंड्याला आजही काठीच पोचते. पण चिंचा झोडपायची सवय असलेल्यांनी जपून. ऑलिव्हला फळ गेल्या वर्षीच्या फुटीवर धरतं. आज कोवळी डहाळी मोडली तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. शिवाय जखमेतून गाठी आणणारा जिवाणू शिरतो. त्यामुळे फांदीवर समोरून फटका नको, बाजूने निसटता मारायचा. ओल्या झाडावर तर काठी उचलूच नका.

खायच्या कलामाता ऑलिव्हला मात्र हातच. मोठं, काळं, पिकलेलं फळ. चिरा देऊन मिठाच्या पाण्यात मुरवायचं असतं. मार लागला की मऊ पडतं. आपल्याकडे हापूस झेल्याने उतरवतात, तशातलाच प्रकार. वेळ लागतो, लागू द्या.

कॉर्फू या ग्रीक बेटावर झाडं इतकी उंच वाढू दिली आहेत की पुष्कळ ठिकाणी जाळी अंथरून फळ आपोआप गळायची वाट बघतात. कष्ट वाचतात खरे, पण पडून राहिलेल्या फळाच्या तेलाची आम्लता वाढते आणि एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या तेलाच्या, 0.8 टक्क्यांच्या मर्यादेत राहणं कठीण होतं. मला हा सौदा पटत नाही.

मिश्र बागेत मी दोन फण्या घेईन, काठी शेजाऱ्याकडून मागेन, आणि उरलेले पैसे चांगल्या जाळीवर घालेन.