ऊनो, ईएसपी३२ की पिको: आयटूसी-एसपीआयच्या पिन्स कुठे सोप्या जातात

सेन्सर, डिस्प्ले, एसडी कार्ड सगळं एकाच मायक्रोकंट्रोलर बोर्डवर जोडायचंय आणि कुठलं बोर्ड घ्यावं ते ठरत नसेल तर स्पीड-मेमरीच्या आधी एवढं बघा, की बसच्या (आयटूसी, एसपीआय: मॉड्यूल्स जोडायच्या सामायिक वायरी) पिन्स चुकल्या तर ते बोर्ड तुम्हाला लगेच कळू देतं का.

आर्डुइनो ऊनोवर प्रश्नच नाही. आयटूसीची डेटा लाइन एसडीए ए४ वर, क्लॉक लाइन एससीएल ए५ वर, एसपीआय ११-१२-१३ वर, हार्डवेअर बस दुसरीकडे हलतच नाही, त्यामुळे आयटूसी स्कॅनरला (जोडलेली मॉड्यूल्स शोधणारा प्रोग्राम) काही सापडलं नाही की वायर, पुलअप (लाइन हाय ठेवणारे रेझिस्टर) आणि मॉड्यूलचे अॅड्रेस तपासले की झालं. फक्त तोच प्रोजेक्ट आर्डुइनो मेगावर नेलात तर आयटूसी २० आणि २१ वर असतं, हे लक्षात ठेवा.

ईएसपी३२ मध्ये आतल्या मॅट्रिक्समुळे (सिग्नल हव्या त्या पिनवर वळवणारी व्यवस्था) बस जवळपास कुठल्याही पिनवर नेता येते, एसडीए-एससीएल उलटे लागले तरी कोडमध्ये आकडे बदलले की काम होतं, हे खरंच भारी आहे. पण डोकं सगळ्यात जास्त इथेच खाल्लं जातं, कारण चुकीच्या पिनवरही कोड निमूट कंपाइल होतो. ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, आतला पुलअपही नाही, तिथे आयटूसी चालणारच नाही, एसपीआयचा एमआयएसओ (मॉड्यूलकडून बोर्डकडे येणारा डेटा) मात्र चालेल. ६ ते ११ प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीसाठी अडकलेल्या, त्यांना हातच लावू नका. आणि १२ नंबर! बूट होताना ती हाय दिसली तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट द्यायला जाते आणि नेहमीचं मॉड्यूल उठतच नाही, त्यात एचएसपीआय या एका एसपीआय बसचा एमआयएसओ नेमका १२ वरच, म्हणजे पुलअपवालं एसडी कार्ड लावलं की बोर्ड बंद, काढलं की चालू, आणि माणूस पॉवर सप्लायवर संशय घेत बसतो. सरळ १८ (क्लॉक), १९ (एमआयएसओ), २३ (एमओएसआय, बोर्डकडून मॉड्यूलकडे जाणारा डेटा) आणि ५ (चिप सिलेक्ट) वापरा. एसपीआय सुरू करणाऱ्या बिगिन फंक्शनमध्ये पिन्सचा क्रमही बघा, आधी क्लॉक, मग एमआयएसओ, मग एमओएसआय, पुष्कळ जण शेवटचे दोन उलटे लिहितात. ईएसपी३२ च्याच एस३, सी३ या चिप्सवर हे आकडे वेगळे आहेत, त्यांचा पिनआउट वेगळा काढा.

पिको या दोघांच्या मधलं. आयटूसीसाठी सम नंबरवर एसडीए, पुढच्या विषमवर एससीएल, ४-५ पहिल्या बसचे, ६-७ दुसऱ्या बसचे. मायक्रोपायथनमध्ये (बोर्डवर चालणारं पायथन) चुकीची जोडी दिली की तिथल्या तिथे एरर येतो, अर्धं काम तिथेच वाचतं. सी एसडीके (सी भाषेत प्रोग्राम लिहायचा टूलसेट) मात्र अडवत नाही, तिथे बस आणि जोडी स्वतःच जुळवून बघायची. एसपीआयला पिनआउटवर टीएक्स-आरएक्स लिहिलेलं असतं, टीएक्स म्हणजे एमओएसआय.

वायफाय लागत नसेल आणि मायक्रोपायथन चालत असेल तर मी डोळे झाकून पिको सांगेन. वायफाय हवंच असेल तर ईएसपी३२ घ्या, पण सोल्डरिंगच्या आधी पिन्स कागदावर मांडा. ऊनो एक-दोन ५ व्होल्टच्या मॉड्यूलपुरतं उत्तम, बाकी दोघांना ५ व्होल्टचे पुलअप थेट जोडू नका, त्यांच्या पिन्स ३.३ च्याच आहेत.