पूर्वज कुठून आले ते शोधायचंय: आधी कोतवाल बुक की आधी उपाध्यांची वही?

आमचं गाव जामनेर तालुक्यात. घरात पिढ्यानपिढ्या एकच वाक्य चालत आलंय, 'आपण मूळचे इथले नाही, देशावरून आलो.' कोणत्या गावाहून, कोण, कशापायी, हे सांगणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आजी; तिच्याबरोबर ते गेलं. खानदेशात अशी घराणी पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दुष्काळ आणि लुटालूट यांत इथली कितीतरी गावं ओस पडली, १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर ती हळूहळू पुन्हा वसली आणि वसणारी माणसं चहूकडून आली. तुमच्या घराची गोष्टही अशीच असेल आणि रजेचे चारच दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस तहसील कचेरीला द्यायचा की नाशिकच्या पंचवटीला, जिथे तीर्थाचे उपाध्ये यजमानांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवतात, हा खरा प्रश्न आहे. मी दोन्ही केलं, पण उलट्या क्रमाने केलं आणि त्यात एक वर्ष गेलं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन गोष्टी मागायच्या. पहिली, गावाचा जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. दुसरी, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणारा गाव नमुना ६. कोतवाल बुकात तारीख, बापाचं नाव, जात, आणि मृत्यू असेल तर बहुधा त्याचं कारणही सापडतं. जन्मनोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. त्यामुळे जन्मापेक्षा मृत्यूच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. फेरफारात वारस लागतात. 'अमुक मयत, वारस मुलगे तीन' एवढ्या एका ओळीत अख्खी पिढी हाताला येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून जमीन असलेल्या घराची साखळी त्या सुमारापर्यंत बहुतेक अखंड जोडता येते. पुढे जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना-नवा नंबर जुळवणारा तक्ता आधी मिळवा, नाहीतर भलत्याच शेताची कागदपत्रं चाळत बसाल. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर ही जुनी दप्तरं उघडली गेली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर बरीच पानं चढली. त्यामुळे घरून निघण्याआधी आपल्या जिल्ह्याचं संकेतस्थळ आणि 'आपले अभिलेख' हे पोर्टल पाहून घ्या. गाव तिथे असेल तर एक खेप वाचते.

पण या दप्तराची एक मर्यादा आहे आणि आपल्यासारख्यांना नेमकी तीच आडवी येते. सरकारी कागद माणसाला जमिनीमुळे ओळखतो. जुन्या गावात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा. मिरासदाराचं थळ, म्हणजे वंशपरंपरेची जमीन असे; उपरी बाहेरून आलेला, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. पांढरीत, म्हणजे गावठाणात, घर मिळालं तरी काळीत, म्हणजे शेतजमिनीत, त्याच्या नावाचं काहीच नसे. आपले पूर्वज बहुतेक उपरीच. त्यांचं नाव कागदावर चढेपर्यंत दहा-वीस वर्षं सहज जायची, आणि चढलं तरी ते कुठून आले हे लिहायची तलाठ्याला काही गरज नसे.

उपाध्यांच्या वहीचा सगळा भर नेमका त्यावरच असतो. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात की पहिले तीन प्रश्न ठरलेले: आडनाव काय, गाव कोणतं, जात कोणती. यजमान गावांप्रमाणे आणि घराण्यांप्रमाणे वाटलेले असतात, म्हणून तुमचे उपाध्ये कोण ते तिथेच कळतं. वहीत आलेल्याचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं. कधी बायकांचीही नावं, जी फेरफारात नवरा मेल्याशिवाय सहसा येत नाहीत. आमच्या खापरपणजोबांची नोंद शके १८१२ ची, म्हणजे इसवी सन १८९०. बापाच्या अस्थी घेऊन आले होते. मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, हल्ली वस्ती जामनेर तालुक्यात, आणि मागे राहिलेल्या दोन भावांची नावं. ती ओळ उपाध्यांनी वाचून दाखवली तेव्हा मला बोलता येईना.

ती ओळ मात्र दुसऱ्या खेपेला सापडली. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे आजोबांपर्यंतचीच नावं होती. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे तेच नाव, तेच आडनाव असलेल्या तीन नोंदी निघाल्या आणि आपली कोणती ते सांगता येईना. मग तहसीलला जाऊन कोतवाल बुकातून पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांचे भाऊ असा क्रम लावला. त्यानंतर नाशिकचं काम अर्ध्या तासात झालं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जमीन असलेलं घराणं असेल तर आधी तहसील, मग नाशिक. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर तहसीलची नक्कल घ्या आणि तिथेच थांबलात तरी चालेल. याला अपवाद भूमिहीन घरांचा. बलुतेदार, मजूर, फिरस्ते धंदे करणारे यांनी फेरफारात वेळ घालवू नये; कोतवाल बुकातले मृत्यू पाहून थेट उपाध्ये गाठावेत. कोल्हापूर-सांगलीकडे मुळं असतील तर हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळ सांगणारे, गावात कधी येतात ते विचारा. ते आपल्या यजमानांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणतात आणि वहीतही ठेवतात, आणि दारिद्र्यामुळे यात्रा न घडलेल्या घरांचाही धागा त्यांच्याकडे मिळतो. पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वतन किंवा इनाम असल्याखेरीज वळू नका. डीएनए तपासणीतून गाव कळत नाही.

खर्च दोन्हीकडे थोडाच. नकलेचं शुल्क किरकोळ, उपाध्यांना यथाशक्ती दक्षिणा. वहीचं पान सरकारी नाही, ती त्यांची घरची ठेव आहे. फोटो काढण्याआधी विचारा. भाऊबंदकीत वह्यांच्याही वाटण्या झालेल्या असतात, तेव्हा एका घरी नोंद नसली तर 'आपल्या दुसऱ्या पातीकडे असेल का?' एवढं विचारायला विसरू नका. २०२६-२७ च्या सिंहस्थात या कामासाठी जाऊ नये, त्यांना मान वर करायला सवड नसते.

मोडी मात्र दोन्हीकडे लागते. वही उपाध्ये स्वतः वाचून देतात, तहसीलमध्ये वाचणारा आपणच न्यावा लागतो. मी आडनाव, गाव आणि चार नावं मोडीत कशी दिसतात एवढंच एका जाणकाराकडून कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद पानापानाशी ताडत गेलो. मराठवाड्यातल्या निजामी कागदांसाठी उर्दू वाचणाराही हवा, आणि तिथला फसली सन दिसला की त्यात ५९० मिळवायचे.

सिन्नरच्या त्या गावी मी गेल्या दिवाळीत गेलो. मागे राहिलेल्या दोन भावांपैकी थोरल्याचा वंश अजून तिथेच आहे. त्यांच्या घरीही एक वाक्य होतं, 'आपला एक भाऊ खानदेशात गेला, परत आला नाही.'